सातवा मुद्दा

जून संपत आला की आमच्या गराजमधला निळा खोका खाली उतरतो. झाकण उघडलं की आधी वास येतात. डासांच्या फवाऱ्याचा लिंबट वास, घडीच्या छत्रीच्या कापडात मुरलेली मागच्या वर्षीची माती, आणि कितीही घासले तरी दोन मोठ्या थर्मासांच्या पोटात उरलेला वेलदोड्याचा चहा. झाकणाच्या आतल्या बाजूला यादी चिकटवलेली आहे. तीन एक्स्टेंशन कॉर्ड, दोन गाळण्या, सनस्क्रीन, सेफ्टी पिना, कचऱ्याच्या पिशव्या. उभ्याउभ्याच मी एकेका वस्तूपुढे खूण करत जाते. सेफ्टी पिना एका स्टीलच्या डब्यात असतात. डब्याच्या बुडाशी नाव घातलेलं आहे, नुसतं एक अक्षर, ‘रि’. पिना यादीत आहेत. डबा नाही.

आम्ही राहतो त्या कनाटा उपनगरापासून गाडीने तासाभरावर, नदीच्या वळणावर एक लहानसं गाव आहे. जुलैत तिथे तीन दिवस लोकसंगीताचा महोत्सव भरतो. फिडल, म्हणजे गावाकडचं व्हायोलिन, वाजवणारे शेतकरी येतात, फ्रेंच गाणी म्हणणारी अख्खी कुटुंबं येतात. एकदा चमचे वाजवणारा एक माणूस आला होता आणि त्याने आमच्याबरोबर आलेल्या एका आजोबांना अर्ध्या तासात चमचे वाजवायला शिकवलं होतं. आमचं मराठी मंडळ तिथे चहा-बटाटेवड्याचा तंबू लावतं आणि लहान स्टेजवर तासभर कार्यक्रम करतं. उन्हाळा हा भारतातून आईवडील येण्याचा हंगाम, त्यामुळे एक पिवळी स्कूलबस ठरवून आम्ही त्यांनाही नेतो. या सगळ्याच्या याद्या माझ्याकडे असतात. टेलिकॉम कंपनीत मी प्रोजेक्टांची वेळापत्रकं सांभाळते आणि घरीही तेच करते. माझी मुलगी रेवा शाळेत असताना म्हणायची, "आई, यू हॅव अ लिस्ट ऑफ युअर लिस्ट्स." खरं होतं. अजून आहे.

या वर्षी खोका उघडला त्याच दिवशी मार्गारेटचा ईमेल आला. मार्गारेट म्हणजे महोत्सवाची मुख्य संयोजक, त्याच गावात जन्मलेली, सत्तरीची, अजूनही स्वतः खुंट ठोकून तंबू उभे करणारी बाई. तिने लिहिलं होतं: ‘गांजा कायदेशीर करण्याची चर्चा पुन्हा सुरू झाली आहे. उद्या तसं झालंच तर आपल्या महोत्सवाचं आणि गावात येणाऱ्या पाहुण्यांचं काय होईल, यावर मला एक पान लिहून देशील? मागे तू फार छान यादी केली होतीस.’

‘फार छान’ या दोन शब्दांशी माझे कान तापले. घरात कुणी नव्हतं, तरी मी लॅपटॉप मिटला.

त्या यादीला आठ वर्षं झाली. तेव्हाही हवा अशीच होती. जवळ थोडा गांजा सापडला तर तो गुन्हा धरायचा नाही, असा कायदा येणार म्हणून रेडिओवर वाद चालले होते. आमच्या कंपनीतून दर महिन्याला माणसं कमी होत होती आणि पार्किंगमध्ये रोज एकदोन जागा जास्त रिकाम्या दिसायच्या. जी माणसं उरली होती ती फार नीट वागत होती. मीही. आपल्याकडे बोट दाखवावं असं काही सापडू नये, याची एक न लिहिलेली यादी त्या वर्षी माझ्या डोक्यात सतत चालू असायची.

आणि त्याच वर्षी रिबेकाताईंचं दुखणं निघालं.

रिबेकाताई मूळ रेवदंड्याच्या, मराठी ज्यू. आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून लेकीकडे, शेरनकडे राहायच्या. साठीच्या, ठेंगण्या, खणखणीत आवाजाच्या. त्यांच्या समाजात तोरा या धर्मग्रंथातल्या गोष्टींवर मराठीत कीर्तन करण्याची रीत आहे. समुद्र बाजूला होतो आणि माणसं कोरड्या पायांनी पलीकडे जातात, त्या प्रसंगाची पदं त्या झांज घेऊन म्हणायच्या. महोत्सवात त्यांची आठ मिनिटं ठरलेली होती. मागे नदी, पुढे गवतावर पसरलेले गोरे लोक, आणि या बाई अस्सल अष्टागरी मराठीत समुद्राला "सर, सर बाजूला" म्हणून दटावतायत. भाषा कळत नसलेली माणसंही पाय आवरून घ्यायची, जणू पाणी त्यांच्याच अंगावर येतंय.

त्यांची केमो सुरू झाली तेव्हा मी तासाभरात तक्ता केला. कोणत्या दिवशी कोण जेवण देणार, कोण हॉस्पिटलला नेणार. मंगळवार माझा. शेरन फ्रिजवर तो तक्ता लावायची आणि मला अभिमान वाटायचा. एका मंगळवारी, मार्चमध्ये, हायवेला लागल्यावर रिबेकाताई म्हणाल्या, "तुला एक सांगते, हसू नकोस. मी गांजा ओढते."

मी स्टिअरिंग घट्ट धरलं.

"अगं, सरकारचा कागद आहे. डॉक्टरनेच लिहून दिलंय. त्या औषधाच्या दुसऱ्या दिवशी पोटात पाणी ठरत नाही बघ. घरामागच्या लाकडी डेकवर बसून चार झुरके घेतले की वरणभात राहतो पोटात." मग त्या स्वतःच हसल्या. "आमच्या आजोबांचा रेवदंड्याला तेलाचा घाणा. शनिवार आमचा विश्रांतीचा वार, तर बैलही सोडून ठेवायचा, इतका कडक माणूस. आणि नात इथे गांजा ओढते. वर भेटतील तेव्हा काय सांगू?"

"सांगा, डॉक्टरने लिहून दिलं होतं."

"हे बरं. तू मला यादीच करून दे, काय काय सांगायचं त्याची."

आम्ही दोघी हसलो. हसता हसता मी माझ्या बाजूची काच दोन बोटं खाली केली. बाहेर उणे दहा होतं. गाडीत कसलाही वास नव्हता. रिबेकाताईंनी शाल गळ्याभोवती ओढून घेतली आणि त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.

ती दोन बोटांची फट मला अजून आठवते. बाकीचं सगळं त्या फटीतूनच आत आलं असं वाटतं.

एप्रिलमध्ये गावात सभा झाली. कर्लिंगच्या, म्हणजे बर्फावर दगड सरकवायच्या खेळाच्या हॉलमध्ये, बर्फ काढून टाकलेल्या ओल्या जमिनीवर खुर्च्या मांडून. विषय एकच होता, हा कायदा आला तर आपल्या महोत्सवाचं काय. नदीकाठच्या मोटेलचा मालक खुशीत होता. म्हणाला, "अमेरिकेतून बसच्या बस येतील. मी तर छपरावर अजून एक मजला चढवतो." मागून कुणीतरी ओरडलं, "परत जाताना सीमेवर प्रत्येक गाडी उघडून बघतील, मग तुझ्या मजल्यावर कबुतरं राहतील." हशा झाला. एक तरुण आई उठून म्हणाली की आमच्या मुलांना धुरात बसवायचं का, हे आधी सांगा. एक म्हातारा फिडलवाला म्हणाला, "मी चाळीस वर्षं स्टेजवरून तो वास घेतोय. तुम्हाला आज कळला?"

मग मी उठले. माझ्याकडे टाइप केलेलं पान होतं. महोत्सव कुटुंबांचा राहावा यासाठी सात मुद्दे. फाटकापाशी पाट्या, मुलांचा भाग वेगळा, पोलिसांशी आधी बोलणं, बसने येणाऱ्या ज्येष्ठांसाठी वाऱ्याबरोबर धूर येणार नाही अशी जागा, असं सगळं. सातवा मुद्दा: ‘स्वयंसेवक आणि कलाकार यांपैकी कुणीही महोत्सवाच्या आवारात गांजा ओढणार नाही.’ त्यात ‘कोणत्याही कारणासाठी’ हे दोन शब्द मी गाडीतून उतरण्याआधी पेनने वर घातले होते.

टाळ्या पडल्या. आमच्या मंडळातलं कुणी त्या हॉलमध्ये तोवर बोललं नव्हतं. मार्गारेटने चष्मा वर करून विचारलं, "परवाना असलेल्यांचं काय? औषध म्हणून घेतात त्यांचं? तुमच्या लोकांत कुणी असेल तर आपण काही सोय करू शकतो."

मी म्हटलं, "आमच्यात कुणी नाही."

इतकंच. कुणी दबाव आणला नव्हता. उलट, दार उघडून धरलं होतं. मी ते लावून घेतलं आणि वर टाळ्याही घेतल्या. का, याची कारणं मी पुढे कितीतरी वेळा मांडून पाहिली. बसमधले आजीआजोबा काय म्हणतील. मंडळाचं नाव. नोकरीतले ते दिवस. प्रत्येक कारण कागदावर नीट दिसतं आणि त्याखाली माझी सही केली की खोटं वाटतं. खरं कारण लहान आहे. मला त्या हॉलमध्ये स्वच्छ दिसायचं होतं.

त्या सात मुद्द्यांचा फॉर्म मी मंडळातल्या सगळ्यांना ईमेलने पाठवला, सही करून परत द्या म्हणून. दोन दिवसांनी फोन वाजला.

"फॉर्म आला गं तुझा," रिबेकाताई म्हणाल्या. "सातवा वाचला."

"हो."

"मग मी काय करू? दिवसभर तिथे राहायचं तर मला मधे एकदा लागणारच. नदीच्या बाजूला जाऊन बसेन, कुणाला दिसणार नाही. पण सही करून वर ओढायचं म्हणजे खोटं होईल."

मी म्हणू शकले असते, थांबा, मी मार्गारेटशी बोलते. मी म्हटलं, "नियम सगळ्यांना सारखेच ठेवलेत, ताई. तुम्ही विचार करून ठरवा."

"बरं," त्या म्हणाल्या. "यंदा आवाजही तेवढा लागत नाहीये म्हणा."

त्यांचा आवाज उत्तम लागत होता. मंगळवारी गाडीत त्या तालीम करायच्या, डॅशबोर्डवर बोटांनी ठेका धरून. औषधाने केस गेले होते, नखं काळी पडली होती, पण आवाज गेला नव्हता. त्या वर्षी त्यांना समुद्राचं ते पद म्हणायचंच होतं. पुढच्या वर्षाचा भरवसा नाही, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. दुसऱ्या दिवशी मी कार्यक्रमाच्या तक्त्यात त्यांची आठ मिनिटं मुलांच्या नाचाला दिली.

महोत्सवाचा शनिवार लख्ख उजाडला. नदीवरून गार वारा, कढईतल्या तेलाचा वास, गवतात अनवाणी पोरं. दुपारी चारच्या सुमाराला कुठूनतरी तो वास तरंगत आमच्या तंबूपर्यंत आलाच. माझ्या सातही मुद्द्यांना ओलांडून, अगदी सहज. मी बसच्या मंडळींकडे धास्तीने पाहिलं. अकोल्याचे एक नाना नाक वर करून म्हणाले, "अरेच्चा! हा तर आमच्या गावच्या महाराजांच्या मठीतला वास. वीस तास विमानात बसून आलो, अन् वास तोच?"

"तुम्ही कधी गेला होता हो मठीत?" त्यांच्या बायकोने विचारलं.

"दर्शनाला."

"दर्शन घेऊन रात्रभर हसत बसायचे, ते हेच का?"

सगळी रांग खोखो हसली. ज्यांच्यासाठी मी इतकं सगळं जपलं होतं, ती माणसं बटाटेवडा हातात धरून डोळ्यांतलं पाणी पुसत होती. आणि मग त्याच काकू मला म्हणाल्या, "त्या समुद्रवाल्या बाई कुठायत गं? मागल्या खेपेला आले होते तेव्हा ऐकलं होतं. यंदा त्यांच्यासाठीच आले मी."

"बरं नाही त्यांना," मी म्हटलं आणि चहाचं आधण बघायला आत गेले. आधणात बघण्यासारखं काही नव्हतं.

सप्टेंबरमध्ये मेपलची पहिली पानं लाल व्हायला लागली होती तेव्हा शेरनने बेल वाजवली. हातात स्टीलचा डबा. "आईने पाठवलाय. घाईत आहे, अजून चार घरं आहेत." ती गेली. मी ओट्यावर डबा ठेवून झाकण उघडलं. पांढरे ओलसर पोहे, ओलं खोबरं, बेदाणे, आणि वर हिरव्या पानांची एक डहाळी, जराशी कोमेजलेली, उग्र वासाची.

महोत्सवात त्या वर्षी कुणीतरी गांजा घातलेल्या ब्राउनी वाटल्याची चर्चा माझ्या कानावर आली होती. माझ्या डोक्यात एका क्षणात सगळं जुळलं. रिबेकाताईंच्या घरून आलेलं, हिरवं, वास येणारं. मी पान हातात घेऊनही पाहिलं नाही. अख्खा डबा हिरव्या कचरापेटीत उपडा केला आणि साबणाने दोनदा धुतला.

रेवा तेव्हा पंधरा वर्षांची होती. ती फ्रिजपाशी उभी राहून बघत होती. "डिड यू ईव्हन लुक ॲट इट?"

"तुला कळत नाही," मी म्हटलं.

"नो, आय डोंट," ती म्हणाली आणि वर निघून गेली.

कळायला पुढचा वसंत उजाडला. मंडळाच्या जेवणात शेरन कुणालातरी सांगत होती आणि मी मागे कागदी ताटली धरून उभी होते. रिबेकाताईंची केमो संपली, रिपोर्ट चांगले आले. आजारपणात त्यांनी नवस बोलला होता, बरी झाले तर मलिदा करीन. मलिदा म्हणजे त्यांच्याकडे एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने करायचा प्रसाद. पोहे, खोबरं, साखर, पाच फळं, आणि वर सुवासासाठी सब्जाची डहाळी. "सब्जा इथे कुठे मिळणार?" शेरन सांगत होती. "आईने बी मागवून डेकवर कुंडीत लावला. केमो चालू असताना रोज पाणी घालायची. म्हणायची, हा वाढला तर मी वाढले."

ज्या डेकवर बसून त्या चार झुरके घ्यायच्या, त्याच डेकवर. उन्हाळ्यात फालुद्यात सब्जा घालून मी कितीदा खाल्लाय. त्याचं पान मला ओळखू आलं नाही, कारण मी पान बघितलंच नव्हतं. मी नाव बघितलं होतं, डब्याच्या बुडाचं. वस्तू दोनदा तपासल्याशिवाय खूण न करणारी मी, त्या दिवशी एकदाही तपासलं नाही.

डबा परत द्यायचा राहिला. आपल्याकडे रिकामा डबा परत देत नाहीत, काहीतरी गोड घालून देतात. काय घालणार? बेसनाचे लाडू केले आणि घरीच संपवले. तिळाच्या वड्या केल्या, त्या ऑफिसात नेल्या. मग शेरनला नोकरी लागली, दोघी दूरच्या वॉन शहरात राहायला गेल्या, आणि डब्यात सेफ्टी पिना आल्या. दर वर्षी जानेवारीत मी नवी वही काढते आणि जुन्या वहीतली राहिलेली कामं पुढे उतरवते. ‘रिबेकाताईंना फोन’ ही ओळ आठ वह्यांत आहे. छपराची गळकी पन्हळ, रेवाचे विंटर टायर, पासपोर्ट, सगळ्यांवर रेघ पडली. हिच्यावर नाही. अक्षर मात्र दर वर्षी अगदी नीट काढलेलं.

मार्गारेटचं पान मी शेवटी लिहिलं. पाहुणे वाढतील का? पहिल्या वर्षी थोडे, कुतूहलाने येतील. सीमेपलीकडचे परतीच्या धास्तीने जपून येतील. कुटुंबं यायची थांबतील का? नदीकडच्या बाजूला, धूर गर्दीकडे येणार नाही अशी, एक सावलीची जागा ठरवून दिली तर नाही थांबणार. फिडल ऐकायला येणारा फिडल ऐकायलाच येईल, आणि मोटेलवाल्याने मजला जरा थांबून चढवावा. सातव्या मुद्द्यापाशी मी बराच वेळ बसले. मग लिहिलं: ‘औषध म्हणून ज्यांना लागतं त्यांच्यासाठी खुर्ची, सावली, पाणी. कारण विचारू नये.’ आणि खाली: ‘मागच्या वेळी मी सांगितलं होतं, आमच्यात कुणी नाही. एक होत्या.’

मार्गारेटचं उत्तर लगेच आलं. ‘मला माहीत होतं. रिबेकाने तेव्हाच फोन करून आपलं नाव काढायला सांगितलं होतं. मी म्हटलं, ये, आपण सोय करू. ती म्हणाली, माझ्या माणसांनी बोलावलं तर येईन. आणि तुला यातलं काही सांगू नको म्हणाली, तुला वाईट वाटेल म्हणून.’

माझ्या माणसांनी बोलावलं तर. म्हणजे तो सगळा जुलै त्या फोनजवळ होत्या. आणि मी मुलांच्या नाचाच्या टोप्या मोजत होते.

त्या दुपारी मी वॉनला फोन लावला. आवाज तोच, खणखणीत, फक्त कडेला थोडा झिजलेला.

"कोण? अगं बाई! फॉर्म पाठवतेयस की काय पुन्हा?"

मी हसले. त्याही हसल्या. गुडघे, शेरनचं नवं घर, बाजूच्या सिनेगॉगमधल्या रशियन बाया, सगळं बोलून झालं. मंडळाचा दिवाळी अंक अजून पोस्टाने येतो, म्हणाल्या, भिंग घेऊन पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचते, जाहिरातींसकट. मग एकदम म्हणाल्या, "तो मलिदा पाठवला होता तुला. तू काही कळवलंच नाहीस. आवडला होता ना?"

वाक्य माझ्याकडे तयार होतं. आठ वर्षं तयार होतं.

"हो," मी म्हटलं. "छान झाला होता."

"झाला होता ना? सब्जा घरचा होता," त्या म्हणाल्या, इतक्या आनंदाने की मला फोन कानापासून दूर धरावा लागला.

वहीतल्या त्या ओळीवर आता रेघ मारता आली असती. फोन तर झाला होता. मी पेन ठेवून दिलं आणि या अंकासाठी लिहायला बसले, कारण हा अंक त्या वाचतात.

रिबेकाताई, मलिदा मी खाल्ला नाही. झाकण उघडलं, वरची पानं दिसली आणि मी तो कचऱ्यात टाकला. आणि सभेत मला विचारलं होतं. सोय करू म्हणाले होते. मी म्हटलं होतं, आमच्यात कुणी नाही.

अंक पोचला की त्या आठवड्यात मी वॉनला येते आहे. सेफ्टी पिना काढून ठेवल्या आहेत. डब्यात काय घालावं याचा फार वर्षं विचार केला. रिकामाच आणते आहे.